मानेच्या नसेत स्टेंट टाकायचाय, हातातून की पायातून? नाशिकमधल्या जाणकारांनी सांगा

ओझरचा_संदीप

नमस्कार मंडळी, वडिलांबद्दल विचारायचंय. जरा लांब होईल पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट उत्तर देता येणार नाही म्हणून लिहितो.

अण्णा ७१ वर्षांचे, एचएएलमधून रिटायर झालेत, आता पिंपळगावला धाकट्या भावाबरोबर द्राक्षाची बाग बघतात. मागच्या आठवड्यात सकाळी उजव्या हातातून कप निसटला, जीभ जड झाली, काय बोलतात ते कळेना. थोड्या वेळाने सगळं आपोआप पहिल्यासारखं. घरात सगळे म्हणत होते शुगर उतरली असेल, पण आमच्या गावातल्या डॉक्टरांनी एक मिनिट न थांबता नाशिकला पाठवलं. एमआरआय झाला, मानेचा डॉप्लर झाला, सीटी अँजिओ झाली. डाव्या कॅरोटिडमध्ये, म्हणजे मेंदूला रक्त नेणाऱ्या मानेतल्या नसेत, ८० टक्के अडथळा निघाला.

हार्टचं जुनं दुखणं आहे, पंपिंग ३५ टक्के, त्यामुळे सर्जन म्हणाले मान उघडून ऑपरेशन करण्यापेक्षा स्टेंट बरा. इथपर्यंत ठीक. आता एका ठिकाणी डॉक्टर म्हणाले मनगटातून करू, दुसऱ्या ठिकाणी म्हणाले मानेचं काम जांघेतूनच करायचं असतं, हातातून कशाला. दोघंही चांगले, अनुभवी. मग आम्ही कुणाचं ऐकायचं?

रिपोर्टात दोन गोष्टी लिहिल्यात त्या कुणी समजावून सांगा प्लीज. एक म्हणजे टाइप ३ आर्च आणि दुसरं बोव्हाइन आर्च. हे काही वाईट आहे का? अण्णांचं म्हणणं, छाटणी उरकू द्या मग दिवाळीनंतर बघू.

सिडकोची_मेघना

संदीपदादा, काळजी घ्या, आमच्या आईचं दोन वर्षांपूर्वी झालंय त्यामुळे तुमच्या घरात आत्ता काय चाललं असेल ते कळतंय. आईचा उजव्या बाजूचा अडथळा होता. आधी उजव्या मनगटातून सुरू केलं. आई उंचीने लहान, बीपी वीस वर्षांपासून. वायर कोपरापर्यंत गेली आणि तिथे अडली, आईला हातात भयंकर कळ आली. डॉक्टरांनी तिथेच थोडा डाय (क्ष-किरणांत नस दिसावी म्हणून सोडतात ते औषध) सोडून बघितलं तर नसेला कोपराजवळ पूर्ण वेढा होता, आणि ती नस मुळात कोपराच्या खाली फुटायच्या ऐवजी वर दंडातूनच निघालेली, म्हणून बारीक. त्यांनी जबरदस्ती केली नाही, हातातलं काढलं आणि पायातून केलं. आई आज अगदी ठणठणीत आहे, रोज फिरायला जाते.

सांगायचं एवढंच की हातातून नाही जमलं म्हणजे कुणाचं चुकलं असं नसतं, नस कशी असेल ते वरून दिसत नाही. फक्त आम्हाला आधी कुणी सांगितलं असतं की असं होऊ शकतं, तर बाहेर बसलेल्या आमचा जीव टांगणीला लागला नसता.

कॅथलॅबताई

मी नाशिकमध्येच कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओ-स्टेंट करतात त्या खोलीत, टेक्निशियन आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे काय करा हे सांगणार नाही, रोज टेबलाशेजारी उभं राहून जे बघते ते सांगते.

मेघनाताई, आईला जे निघालं ते दुर्मिळ नाहीये बरं. इंग्लंडमधल्या दीड हजारावर पेशंटच्या एका अभ्यासात शंभरातल्या साधारण १४ जणांच्या हातातल्या नसेत काही ना काही वेगळेपण निघालं. त्यात सगळ्यात जास्त, शंभरात ७, नस वरून फुटलेली असणं, आणि शंभरात २-३ जणांना तुम्ही म्हणताय तसा पूर्ण वेढा. वरून फुटलेली नस लांब आणि बारीक असते, लगेच आखडते. वेढा असला की हातातून काम फसण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त. शिवाय वेढ्याच्या टोकाला एक बारकी फांदी असते, वायर सरळ तिच्यात घुसते आणि ढकललं तर ती फाटून हातात रक्त साचतं. म्हणून वायर अडली की थांबून डाय टाकून बघायचं, हाच नियम. तुमच्या डॉक्टरांनी तेच केलं.

संदीपभाऊ, मला तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. हार्टची अँजिओ आधी कुठल्या हातातून झाली होती? आणि मनगटाचा डॉप्लर केलाय का? मानेचा नाही, मनगटाचा.

ओझरचा_संदीप

ताई, हार्टची अँजिओ आणि स्टेंट दोन्ही उजव्या मनगटातूनच झालं होतं, बरीच वर्षं झाली. मनगटाचा डॉप्लर नाही केला. पण नाडी व्यवस्थित लागते, मी स्वतः बघितली.

कॅथलॅबताई

नाडी लागते यावर जाऊ नका भाऊ. हे मी मुद्दाम जोर देऊन सांगते कारण पुष्कळ लोक इथेच थांबतात. एकदा मनगटातून शीथ, म्हणजे आत जायला वाट करून देणारी नळी, घातली की काही जणांची ती नस नंतर बंद होते, आणि त्रास काहीच होत नाही, कारण करंगळीच्या बाजूची दुसरी नस तळहातातून फिरून रक्त पुरवते. तेच रक्त उलटं येऊन मनगटापाशी ठोके देतं. बोटाला नाडी लागते आणि आत नस मात्र बंद. म्हणून आधी हातातून काहीही झालेलं असेल तर सोनोग्राफीने बघायचं, उघडी आहे का आणि किती मिलिमीटर आहे.

निवृत्त_रेडिओ

संदीप, मी रेडिओलॉजिस्ट होतो, कॉलेज रोडला राहतो, आता प्रॅक्टिस बंद केली आहे. तुझ्या दोन ओळींचा अर्थ सांगतो, सावकाश वाच, कारण तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या दोन ओळींतच आहे.

हृदयातून मोठी धमनी वर निघते, छातीत कमानीसारखी वळते आणि खाली पोटाकडे जाते. या कमानीवरून साधारणपणे तीन फांद्या निघतात. पहिली जाड, तिला इनॉमिनेट म्हणतात, ती पुढे जाऊन दुभंगते, एक उजव्या हाताला आणि एक मानेच्या उजव्या बाजूला, म्हणजे उजवी कॅरोटिड. दुसरी फांदी डावी कॅरोटिड. तिसरी डाव्या हाताची.

तरुणपणी या तिन्ही फांद्या कमानीच्या माथ्यावरूनच निघतात. वय वाढलं, बीपी राहिलं की कमान लांबते, ताणते, माथा वर जातो आणि फांद्यांची मुळं हृदयाच्या बाजूला खाली घसरतात. किती घसरली त्यावरून टाइप ठरतो. मोजमाप डाव्या कॅरोटिडच्या रुंदीवर असतं. माथ्यापासून पहिल्या फांदीचं मूळ त्या रुंदीच्या एका पटीत असेल तर टाइप १, एक ते दोन पट असेल तर टाइप २, दोन पटीपेक्षा खाली असेल तर टाइप ३. म्हणजे अण्णांची कमान सगळ्यात अवघड प्रकारातली.

आता जांघेतून येणारं कॅथेटर, म्हणजे लांब बारीक नळी, पोटातून, छातीतून वर येतं, कमानीचा माथा ओलांडतं, पलीकडे खाली उतरतं आणि तिथून पुन्हा एकदम वर वळून मानेच्या फांदीत शिरायचं असतं. टाइप ३ मध्ये हे वळण फार तीव्र. त्यासाठी सिमन्स नावाचं आकड्यासारखं कॅथेटर वापरतात, विहिरीत पडलेली बादली काढायला गळ टाकतात ना तसं ते वरून फांदीच्या तोंडात अडकवून मागे ओढलं की आत सरकतं. पण नुसतं कॅथेटर शिरून भागत नाही. त्यामागून जाड, ताठ शीथ न्यायची असते, आणि ती ढकलली की सगळं निसटून खाली हृदयाकडच्या भागात पडतं. प्रत्येक वेळी निसटलं की परत प्रयत्न, आणि प्रत्येक प्रयत्नात कमानीच्या भिंतीवरचा चुना, चरबी खरवडली जाण्याची भीती. तो कण सुटला तर थेट मेंदूत, आणि तोही कुठल्याही बाजूला. आपण पक्षाघात टाळायला हे सगळं करतोय, म्हणून कमानीत जितकी कमी खटपट तितकं चांगलं.

आणि आता दुसरी ओळ. बोव्हाइन म्हणजे डावी कॅरोटिड कमानीवरून स्वतंत्र न निघता पहिल्या फांदीबरोबर किंवा थेट तिच्यातूनच निघते. हा काही आजार नाही, जन्मतः असतं, बऱ्याच लोकांना असतं, कुणाला आयुष्यभर कळतही नाही. जांघेतून जाताना हे असेल तर काम अजून किचकट होतं. पण उजव्या मनगटातून आलं तर गोष्टच बदलते. कॅथेटर उजव्या हातातून इनॉमिनेटमध्ये उतरतं आणि तिथूनच डाव्या कॅरोटिडमध्ये वळतं, कमानीत उतरायची गरज जवळजवळ राहत नाही, आणि इनॉमिनेटच्या समोरच्या भिंतीचा टेकू मिळतो त्यामुळे शीथ निसटत नाही. डावी कॅरोटिड त्या फांदीतूनच निघाली आहे का नुसतं मूळ शेजारी आहे, हे मात्र सीडीवर बघावं लागेल, रिपोर्टमध्ये दोन्हीला एकच शब्द लिहितात.

म्हणून ज्यांनी मनगटातून करू म्हटलं त्यांनी बहुतेक सीटीची सीडी नीट बघितली आहे. तेच अण्णांची डावी कॅरोटिड स्वतंत्र निघत असती, तर मीच म्हणालो असतो उजव्या हाताचा हट्ट नको, कारण मग कॅथेटरला कमानीत उतरून इंग्रजी यू सारखं उलटं वळून वर जावं लागतं आणि हातातून सगळ्यात जास्त फसतं ते तिथेच.

गंगापूर_रोड_वाचक

डॉक्टर साहेब, फार छान समजावलंत. मी एक वेगळा मुद्दा मांडतो, वाईट वाटून घेऊ नये. माझ्या सासऱ्यांच्या वेळी आम्ही बरंच वाचलं होतं. अमेरिकेतली क्रेस्ट नावाची मोठी चाचणी, २०१० साली छापून आली, २५०० वर पेशंट, त्यात एकूण हिशोब ऑपरेशन आणि स्टेंटचा सारखाच आला पण स्टेंटमध्ये पक्षाघात जास्त आणि ऑपरेशनमध्ये हार्ट अटॅक जास्त. आणि सत्तरीच्या पुढे ऑपरेशनचं पारडं जड. अण्णा ७१ चे आहेत. मग हातातून की पायातून याच्या आधी, स्टेंट की ऑपरेशन हे पक्कं झालंय का?

निवृत्त_रेडिओ

अगदी योग्य प्रश्न. सत्तरीनंतर स्टेंटचा धोका वाढतो त्याचं एक मोठं कारण हेच मानलं जातं, कमानी लांबलेल्या, नसा वेड्यावाकड्या, चुना साचलेला. पण इथे पंपिंग ३५ टक्के आहे आणि सर्जननेच बघून सांगितलंय. संदीपने सर्जनला एवढं नक्की विचारावं की फक्त मानेपुरती भूल देऊन ऑपरेशन शक्य आहे का, काही ठिकाणी करतात. त्यांनी विचार करून नाही म्हटलं तर स्टेंट.

आणि संदीप, छाटणीचं मनातून काढून टाका. असा झटका येऊन गेल्यावर खऱ्या पक्षाघाताचा धोका पहिल्या काही दिवसांतच सगळ्यात जास्त असतो. अडथळा काढण्याचा फायदाही पहिल्या दोन आठवड्यांत सगळ्यात चांगला मिळतो. दिवाळीनंतर ही भाषाच नको. दोन मतं झाली, पुरे, आता तिसऱ्या मतासाठी कसारा उतरून मुंबईला जाण्यात आठवडा घालवू नका.

ओझरचा_संदीप

सर, तुमचं उत्तर अण्णांना मोठ्याने वाचून दाखवलं. आधी काही बोलले नाहीत, मग भावाला म्हणाले मजूर तू लाव, मी जातो नाशिकला. सर्जनशी पण बोललो, हृदयाची स्थिती आणि मानेतला अडथळा बराच वर जबड्याच्या मागे आहे त्यामुळे ते स्टेंटवरच ठाम आहेत.

मनगटाचा डॉप्लर करून घेतला. उजवी नस उघडी आहे, २.३ मिमी. हे पुरेसं आहे का ताई?

कॅथलॅबताई

उघडी आहे हे वाचून बरं वाटलं. आता मापाचं सांगते. मनगटातली नस साधारण २ ते ३ मिमीची, बायकांमध्ये आणखी बारीक. आमच्याकडे शीथचं माप फ्रेंचमध्ये, एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. पण गंमत अशी की शीथवर लिहिलेला आकडा आतल्या पोकळीचा असतो, बाहेरून ती जाडच असते. ६ फ्रेंचची साधी शीथ बाहेरून अडीच मिमीच्या पुढे भरते. नसेपेक्षा शीथ जाड असली की नस आखडते, दुखतं आणि नंतर बंद पडायची शक्यता वाढते. अण्णांच्या २.३ मध्ये साधी ६ फ्रेंच ताणूनच बसेल.

यावर उपाय आहेत. पातळ भिंतीच्या शीथ मिळतात. शीथ न घालता थेट गाईड कॅथेटर, म्हणजे ज्यातून स्टेंट नेतात ती नळी, घालण्याचीही पद्धत आहे, कारण गाईडचा आकडा बाहेरच्या मापाचा असतो, ६ फ्रेंच गाईड बाहेरून २ मिमीच्या आसपास. आणि आता काही कॅरोटिड स्टेंट ५ फ्रेंचमधून जाणारे पण आहेत. म्हणजे २.३ मध्ये बसवता येतं, पण आधीपासून ठरवून सामान मागवून ठेवावं लागतं, ऐनवेळी शेल्फवर सापडत नाही. एक गोष्ट मात्र मनगटातून सहसा होत नाही. स्टेंट टाकताना सुटलेले कण मेंदूत जाऊ नयेत म्हणून संरक्षण लावतात, त्यातलं फुगा फुगवून रक्ताचा प्रवाहच थांबवणारं जे असतं ते ८-९ फ्रेंचचं, त्याला जांघच लागते. मनगटातून करायचं तर छत्रीसारखी जाळी वापरतात. तुमच्या डॉक्टरांना अडथळा मऊ, ठिसूळ वाटत असेल आणि प्रवाह थांबवणंच बरं वाटत असेल तर दुसरे डॉक्टर जांघ म्हणाले त्यामागे हे कारणही असू शकतं. विचारून घ्या.

सिडकोची_मेघना

ताई, आईला परत कधी लागलं तर डाव्या मनगटातून होईल का? आणि तिची किडनी आता जरा कमी काम करते.

कॅथलॅबताई

डाव्या हाताची नस पण वेगळी बघावी लागते, एका हाताला वेढा म्हणजे दुसऱ्याला असेलच असं नाही. पण किडनीचं असेल तर डॉक्टरांना आवर्जून आधी सांगा. पुढेमागे डायलिसिस लागलं तर त्यासाठीची नसांची जोडणी, फिस्टुला म्हणतात ती, मनगटातल्याच नसेवर करतात, त्यामुळे अशा पेशंटच्या मनगटाच्या नसा शक्यतो राखून ठेवतात. बायपासला हातातली नस काढलेली असेल तर तर प्रश्नच मिटला, तो हात बाद.

निवृत्त_रेडिओ

ताईंनी सांगितलं त्यात एक भर घालतो. मनगट ते छाती या मधल्या टप्प्याकडे कुणी लक्ष देत नाही. खांद्याखालून येणारी सबक्लेव्हियन धमनी म्हाताऱ्या, बीपीच्या पेशंटमध्ये नागमोडी झालेली असते. तिथे कॅथेटर फिरवलं तरी टोक फिरत नाही, पीळ मध्येच अडकतो. तेव्हा पेशंटला खोल श्वास घेऊन धरायला सांगतात, त्याने छातीतल्या नसा ताणून थोड्या सरळ होतात आणि वायर निघून जाते. म्हणून अण्णांना सांगून ठेवा, टेबलावर जागेच असणार आहेत, श्वास धरा म्हटलं की धरायचा.

आणखी एक, शंभरात एखाद्या माणसाची उजव्या हाताची धमनी कमानीच्या शेवटच्या टोकाकडून निघून अन्ननलिकेच्या मागून उजवीकडे जाते. त्यांच्यात उजव्या मनगटाचा रस्ता जवळपास निरुपयोगी. अण्णांना बोव्हाइन लिहिलंय म्हणजे रिपोर्ट करणाऱ्याने मुळं बघितलीत, हे असतं तर लिहिलं असतं. पण इतर वाचणाऱ्यांसाठी सांगतो, मानेची सीटी अँजिओ सांगताना कमान आणि दोन्ही सबक्लेव्हियन त्यात घ्या असं लिहून घ्या. नुसता मानेचा डॉप्लर केला तर अडथळा कळतो, तिथपर्यंत पोचायचं कसं ते कळत नाही.

आणि मानेतलंही बघायचं असतं. शीथ वर नेताना वायरचं टोक बहुतेकदा बाहेरच्या कॅरोटिडमध्ये, म्हणजे चेहऱ्याकडे जाणाऱ्या फांदीत टेकवतात, जेणेकरून अडथळ्याला हात न लावता आधार मिळतो. ती फांदीच बंद असेल किंवा कॅरोटिड खालीच दुभंगत असेल तर टेकवायला जागा राहत नाही. अण्णांचं सर्जन म्हणतात तसं वर दुभंगतंय, स्टेंटच्या दृष्टीने ते सोयीचं.

गंगापूर_रोड_वाचक

मनगटातून मानेचं करतच नाहीत हे मात्र बरोबर नाही ना सर?

निवृत्त_रेडिओ

नाही, तसं नाही. मनगटातून हृदयाची अँजिओ कँपो यांनी १९८९ मध्ये मांडली, कीमेनाय यांनी १९९२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये मनगटातून हृदयाची अँजिओप्लास्टी केली. मानेचं त्यानंतर पुष्कळ ठिकाणी सुरू झालं. २०१४ मध्ये राडकार नावाचा अभ्यास आला, २६० पेशंट, चिठ्ठी टाकावी तसे निम्मे मनगट, निम्मे जांघ. स्टेंट सगळ्यांनाच बसला, पण मनगटातून सुरू केलेल्या १० टक्के लोकांना मध्येच रस्ता बदलावा लागला, जांघेत हे प्रमाण दीड टक्का. क्ष-किरणांचा डोसही मनगटात जास्त पडला. मनगटवाले घरी मात्र लवकर गेले. म्हणजे मनगट शक्य आहे, पण माणूस निवडून. आणि जांघ म्हणणारे डॉक्टर चूक नाहीत, त्यांचा हात त्या रस्त्यावर बसलेला असतो, त्यालाही मोल आहे. तुझ्या जागी मी त्यांच्याकडे सीडी घेऊन पुन्हा गेलो असतो आणि एवढंच विचारलं असतं, टाइप ३ आणि बोव्हाइन असताना तुम्ही जांघेतून शीथ कशी टिकवणार?

ओझरचा_संदीप

काल विचारलं सर. त्यांनी सीडी परत लावली, बराच वेळ बघितली आणि म्हणाले, तुमचं बरोबर आहे, डावी फांदी त्या पहिलीतूनच निघते, ह्यांचं उजव्या मनगटातूनच करा, माझ्यापेक्षा ते जास्त करतात त्यांच्याकडेच जा. इतक्या मोकळेपणाने कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आदर वाटला.

मनगटवाल्या डॉक्टरांनी ५ फ्रेंचमधून जाणारा स्टेंट मागवलाय, जाळीचं संरक्षण लावणार आहेत, आणि जांघही तयार करून ठेवणार आहेत, नाही जमलं तर तिथल्या तिथे बदलायचं, आम्ही त्या कागदावर आधीच सही केलीय. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही सुरू आहेत. परवा सकाळी अॅडमिट. अजून काही लक्षात ठेवायचं का?

कॅथलॅबताई

दोन्ही गोळ्या एक दिवसही चुकवू नका, नंतरही डॉक्टर सांगेपर्यंत नाही. शुगरची मेटफॉर्मिन चालू असेल तर डायच्या आधी-नंतर काय करायचं ते विचारा. स्टेंट उघडताना मानेतल्या एका जागेवर दाब येतो आणि ठोके, बीपी एकदम खाली येतात, त्यासाठी औषध भरून तयार असतं, अण्णांना गरगरल्यासारखं वाटलं तर लगेच तोंडाने सांगायचं. नंतर उलट बीपी वर जाऊ द्यायचं नसतं, म्हणून एक रात्र तरी आयसीयूत ठेवतात. एका बाजूला जोरात डोकं दुखायला लागलं तर सिस्टरला लगेच बोलवा, सकाळची वाट बघू नका.

मनगटावर पट्टा बांधतात तो फार घट्ट नसावा, रक्त थांबेल पण नस वाहती राहील इतपतच, त्यानेच नस पुढे उघडी राहते. बोटं काळी-निळी वाटली किंवा हात टम्म फुगला तर सांगा.

आणि सगळ्यात आधी हे, अॅडमिट होताना वॉर्डात सांगा की उजव्या हाताला सलाईन लावू नका, रक्तही त्या हातातून घेऊ नका. सुई डाव्या हाताला. हात गार पडू देऊ नका, गार हातातली नस लवकर आखडते, पहाटे फुल बाह्यांचा स्वेटर घाला.

ओझरचा_संदीप

लिहून घेतलं ताई. भावाला पण पाठवलं, रात्री तोच थांबणार आहे.